चीक ज्याचा त्याला



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणे, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहितो. या अंकात मात्र दुधाबद्दल, त्यातही चिकाबद्दल लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने उसाचा फड सोडून गोठ्यात कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण एकाच घरातून ऊस कारखान्याला आणि दूध डेअरीला जाते, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. वाढे गाईला आणि शेण उसाला, हा आपला जुना व्यवहार आहे. शिवाय नुकतेच जे डोळ्यांनी पाहिले, ते पाहून गप्प बसवेना.

दिवाळी झाली होती, हंगाम सुरू व्हायला आठेक दिवस होते. तेवढ्यात आम्ही विरारला, फुलपाड्यात, थोरल्या बहिणीकडे जाऊन आलो. एका अंगाला जीवदानीचा डोंगर, जवळच पापडखिंडीचे धरण, आणि मधे दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती, असा तो भाग. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला, दोघेही सुखरूप. आम्ही पोचलो तो तिसरा दिवस होता, आणि त्याच दिवशी दोघांना दवाखान्यातून घरी आणले होते.

त्या दोन खोल्यांच्या घरात आम्हाला एकाच वेळी तीन चीक दिसले.

पहिला भाचीचा. दाजींच्या थोरल्या बहिणीने पहिल्याच दिवशी तो पिळून टाकायला लावला होता. "पिवळं, चिकट दूध ते. बाळाला बाधतं," असे त्यांचे म्हणणे. बाळाच्या तोंडात घातले साखरपाणी आणि बोटाने मध. नर्सबाईंनी सांगून पाहिले, पण वडीलधाऱ्या बाईंपुढे भाचीचे काही चालले नाही.

दुसरा चीक म्हशीचा. तो चुलीवर, म्हणजे गॅसवर, वाफेला ठेवलेला. पाहुणे येणार म्हणून आक्काने खास सांगून आणवला होता. वसई-विरार पट्ट्यात अजून तबेले आहेत, आणि ओळखीचा दूधवाला असला की चीक मिळतो.

तिसरा चीक कपाटावर डब्यात होता. परदेशी गाईच्या चिकाची भुकटी. इमारतीच्या हॉलमध्ये कोणा टायवाल्या गृहस्थांनी सभा घेतली होती. २०२० च्या करोनापासून प्रतिकारशक्ती हा शब्द बाजारात भलताच चालतो. "या भुकटीनं रक्तातल्या नॅचरल किलर पेशी जाग्या होतात, त्यांचं काम कितीतरी पट वाढतं," असे सांगून त्यांनी दाजींना डबा दिला. किंमत म्हणाल तर डीएपीच्या दोन पोत्यांएवढी. दाजी रोज सकाळी एक चमचा पाण्यातून घेतात.

आता गंमत पाहा. ज्या नातवाला चिकाची खरी गरज होती त्याचा चीक मोरीत गेला. ज्या रेडकाला गरज होती त्याचा चीक डब्यात वेलदोडा घालून शिजत होता. आणि ज्या आजोबांना फारशी गरज नव्हती ते दूरदेशीच्या गाईचा चीक पैसे मोजून पीत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण कृषी पदविकेचे. पण तिथे आम्हाला पशुसंवर्धन होते, आणि पुढे या विषयावर मिळेल ते वाचत आलो. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, चिकात औषध आहे ही गोष्ट शंभर टक्के खरी; पण ते ज्याच्यासाठी तयार झाले त्याला आणि वेळेवर मिळाले तरच औषध. ते का, हे पुढे सांगतो.

दही आणि पेशी: एकाच माणसाचे दोन ध्यास

आपल्या रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशी असतात. त्या अंगातली राखण करतात. काही जंतूला सरळ गिळतात, काही बिघडलेली पेशी हेरून मारतात, काही जंतूची ओळख लक्षात ठेवून त्याच्यावर नेमके बसणारे प्रथिन तयार करतात. त्या प्रथिनाला प्रतिपिंड म्हणतात.

जंतू गिळणाऱ्या पेशींचे काम प्रथम ओळखले ते रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी. १८८२ साली मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलांना बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला. या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेच मेचनिकॉफ पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दह्याचे मोठे पुरस्कर्ते झाले. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध खातात आणि दीर्घायुषी होतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे रक्षक पेशी आणि दुधाचे पदार्थ यांची सांगड ही काही कालच्या टायवाल्या गृहस्थांनी घातलेली नाही. तिला सव्वाशे वर्षे होत आली.

आपल्या मुंबईशीही या माणसाचा धागा आहे. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते प्लेगची लस काढणारे डॉ. हाफकिन ओडेसाला मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत ती लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

१९०८ चे ते पारितोषिक मेचनिकॉफ यांच्याबरोबर विभागून मिळाले जर्मनीच्या पॉल एर्लिश यांना. एर्लिश यांनी १८९२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. रोगाला तोंड देण्याची ताकद कमावलेल्या उंदरीचे दूध दुसरीच्या पिलांना पाजले, तर ती ताकद त्या पिलांत उतरते, असे त्यांना दिसले. दुधातून संरक्षण जाते, याचा हा पहिला चांगला पुरावा. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते पिणारी होती नुकती जन्मलेली पिले, आणि दूध होते उंदराचेच.

वासराचे पोट चोवीस तास उघडे

आता गोठ्यात या. गाई-म्हशींच्या वारेची ठेवण अशी की, गाभणपणात आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वासरापर्यंत जात नाहीत. माणसात ती वारेतूनच बाळाला मिळतात. वासरू मात्र जन्मते ते अगदी उघडे-बोडके. त्याची सगळी शिदोरी चिकात. साध्या दुधात ही प्रतिपिंडे लिटरला एक ग्रॅमही नसतात. चांगल्या चिकात पन्नास ग्रॅमच्या वर असतात. दुसऱ्या धारेला ती उतरतात, चौथ्या-पाचव्या धारेपर्यंत फारच थोडी राहतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जन्मल्यावर पहिले काही तास वासराच्या आतड्याच्या भिंतीतून अख्खे प्रतिपिंड रक्तात शिरू शकते. पहिल्या सहा तासांत ही वाट चांगली मोकळी असते, पुढे आखडत जाते, आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद होते. त्यानंतर चीक पाजला तर तो पोषण देईल, आतड्यातल्या आतड्यात थोडी राखण करील, पण रक्तात उतरणार नाही.

आपल्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर ही बेणेप्रक्रिया आहे. टिपरी औषधात आणि जिवाणूंच्या द्रावणात बुडवायची ती लागणीआधी. लागण झाल्यावर, कोंब वर आल्यावर तेच औषध सरीत ओतले तर पैसे गेले आणि प्रक्रियाही गेली. चीक ही वासराची बेणेप्रक्रिया समजा.

आणि आपण काय करतो? "वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही," हा नियम अजून कित्येक गोठ्यांत पाळला जातो. वार पडायला कधी आठ तास लागतात, कधी बारा. तोवर वासरू भुकेले बांधलेले आणि वाट बंद होत चाललेली. खरे तर वासरू लुचू लागले की गाईचे अंग आवळते आणि वार पडायला मदतच होते. दुसरा समज, चिकाने वासराला हगवण लागते. बऱ्याचदा गोष्ट उलटी असते. चीक न मिळालेले वासरूच हगवणीने आणि छातीच्या विकाराने दगावते.

वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक, हा साधा हिशेब. तीस किलोच्या वासराला तीन किलो. त्यातला निम्मा पहिल्या तास-दोन तासांत, उरलेला पहिल्या बारा तासांच्या आत. वासरू अशक्त असेल, उभे राहत नसेल, तर काढून स्वच्छ बाटलीने पाजावा. संकरित गाय पहिल्या धारेला याहून पुष्कळ जास्त देते. उरलेल्याचा खरवस करा, शेजारी वाटा, आमची काही हरकत नाही. एखादी बाटली घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली, तर पुढे आई मेलेल्या किंवा चीकच न आलेल्या गाईच्या वासराला ती उपयोगी पडते. पण क्रम तेवढा चुकवू नका: पहिला वासराचा, मग माणसांचा.

चीक चांगला उतरावा म्हणून गाय आधीच सांभाळावी लागते. शेवटचे दोन महिने तिला आटवा. पशुवैद्यांच्या सल्ल्याने तिच्या लसी वेळेवर करा, कारण गाईच्या रक्तात जे प्रतिपिंड आहे तेच चिकात उतरणार. आणि तोडणीच्या दिवसांत नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नका. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते अंगातले कॅल्शियम धरून ठेवते. गाभण गाईला वाढ्याबरोबर द्विदल चारा, खनिज मिश्रण आणि चुन्याची निवळी द्या. नाहीतर व्याल्यावर गाय दुग्धज्वराने आडवी होते, आणि मग वासराकडे बघायला कोणी राहत नाही.

खरवस का घट्ट होतो

आता आक्काच्या गॅसवरच्या डब्याकडे वळू. खरवसात ना विरजण घालावे लागते, ना पीठ. नुसत्या वाफेने तो वडीसारखा बसतो. कशामुळे? चिकातली प्रथिने, त्यात ही प्रतिपिंडेही आली, उष्णतेने आपली घडी मोडतात आणि एकमेकांना धरून घट्ट होतात. पहिल्या दिवसाचा चीक दुप्पट-तिप्पट दूध खातो, तिसऱ्या दिवसाचा नुसताच थरथरतो, हे आपल्या बायकांना पक्के ठाऊक असते. ती घरगुती परीक्षा म्हणजे एका अर्थी प्रतिपिंडांचीच मोजणी. डेअरी चिकाचे दूध घेत नाही तेही यामुळेच. तापवले की फाटते.

म्हणजे ज्या प्रथिनाने वासराची राखण व्हायची, त्याच प्रथिनाने आपली वडी बसते, आणि बसता बसता त्याची राखणीची ताकद संपते. खरवस हा उत्तम पौष्टिक पदार्थ आहे, आम्हालाही फार आवडतो. पण प्रतिकारशक्तीसाठी म्हणून तो खाऊ नये. जिभेसाठी खावा, आणि वासराला दिल्यावर खावा.

मग कच्चाच घ्यावा काय? नाही. युरोपात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधील शाळकरी मुलांची मोठी पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. गोठ्याचे न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत दम्याचे प्रमाण कमी दिसले, तापवलेल्या दुधाबाबत तसे दिसले नाही. पण कच्चे दूध प्यायला लावावे, असे त्या संशोधकांनीही म्हटले नाही. कारण कच्च्या दुधातून क्षय येतो, ब्रुसेलोसिस येतो. गाय अकाली गाभडते तो हाच संसर्ग, आणि माणसाला तो महिनोन् महिने चढ-उतार करणारा ताप, सांधेदुखी देतो. तेव्हा दूध उकळूनच प्यावे.

भुकटीचा हिशेब

राहता राहिला कपाटावरचा डबा. दाजींशी आमचे रात्री बोलणे झाले. ते म्हणाले, "अरे, तू उसाचा माणूस, तुला काय कळतंय? शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलंय." आम्ही म्हटले, "दाजी, तपासलं कुठं ते बघा. काचेत की अंगात?"

दुधातली, चिकातली काही प्रथिने प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवर टाकली तर पेशींचे वागणे बदलते, हे खरे आहे. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन घ्या. ते लोह धरून ठेवते, त्यामुळे लोहावर जगणारे जंतू उपाशी मरतात. पेशींवरही त्याचे परिणाम काचेत दिसले आहेत. म्हणून इंग्लंडादी देशांत ३७ रुग्णालयांनी मिळून अपुऱ्या दिवसांच्या २२०३ बाळांवर मोठी चाचणी केली. निम्म्या बाळांना गाईच्या दुधातले लॅक्टोफेरिन रोज दिले, निम्म्यांना नाही. २०१९ साली निकाल आला. संसर्ग झाला एका गटात शंभरात २९ बाळांना, दुसऱ्यात ३१ ना. म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही.

याचे आम्हाला नवल वाटले नाही. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर ज्या वाणाने एकरी शंभर टन दिले, तो आपल्या चोपण रानात तेवढा पडत नाही, हे आपण रोज बघतो. जे कुंडीत दिसले ते शेतात दिसेलच असे नाही, आणि जे काचेत दिसले ते अंगात उतरेलच असे नाही.

उपयोग झाला तो कुठे, हेही सांगितले पाहिजे. १९८८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जुलाबाच्या एका ठरावीक जंतूची लस गाईंना टोचून त्यांच्या चिकातील प्रतिपिंडे काढली. ती दहा स्वयंसेवकांना देऊन, तो जंतू त्यांना मुद्दाम पाजला. एकालाही जुलाब झाले नाहीत. ज्यांना ती दिली नव्हती अशा दहांपैकी नऊ जणांना झाले. पण बघा, इथे गाय त्याच जंतूसाठी तयार केलेली, लढाई आतड्यातच, आणि औषध जंतूच्या आगेमागे लगेच दिलेले. वेळ आणि नेम दोन्ही साधलेले. मोठ्या माणसाच्या पोटात प्रथिन बहुतेक पचूनच जाते. चोवीस तासांनंतर वासराचीही वाट बंद, मग साठ वर्षांच्या दाजींची कुठून उघडी असणार?

आणि पेशींचे काम वाढणे हे नेहमी चांगले, असे कोणी सांगितले? नत्राचा हात सैल सोडला की ऊस हिरवागार, मांडीएवढा दिसतो. मग लोळतो, आणि उतारा घटतो. अंगातल्या राखणदारांचेही तसेच. ते फार चेकाळले तर घरच्याच माणसांवर धावतात. दमा, काही प्रकारचा संधिवात, ही त्याचीच उदाहरणे. राखणदार हवा जागा, पण शहाणा.

याच बाबतीत दह्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे दही आणि त्यासारखे आंबवलेले दूध, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ वाढवत नेले. शेवटी रोज सहाच्या आसपास वाढपे. दुसऱ्या गटाने चोथ्याचे पदार्थ वाढवले. आंबवलेल्या गटात आतड्यातील जिवाणूंचे प्रकार वाढले, रक्तातील दाह दाखवणारी १९ प्रथिने घटली, आणि चार प्रकारच्या रक्षक पेशींची उत्तेजना कमी झाली. वाढली नाही, कमी झाली! माणसे थोडी होती, आणि त्यांच्या ताटात नुसते दही नव्हते, म्हणून यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी कल दिसतो तो असा की, अशा खाण्याने राखणदार भडकत नाहीत, निवतात.

मग भुकटीपेक्षा आपल्या घरचे ताक काय वाईट? सकाळचे विरजण, दुपारचे ताक, त्यात जिरे-मीठ. दुधाची तहान ताकावर भागत नाही म्हणतात, पण डब्याची तहान तरी ताकावर नक्की भागेल. ज्यांना साखरेचा आजार, मूत्रपिंडाचा आजार वगैरे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे, बाकीच्यांनी निवांत प्यावे.

आमच्याच घरची चूक

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. भाचीच्या बाळाला साखरपाणी पाजले हे ऐकून आम्ही रागावलो खरे, पण आम्हाला रागावायचा अधिकार किती? आमचा थोरला मुलगा झाला तेव्हा आमच्या घरीही हेच झाले. आम्ही त्या वेळी गट कार्यालयात होतो, शेतकऱ्यांच्या गोठ्यात उभे राहून वासराला चीक पाजा म्हणून सांगत होतो. आणि घरी दोन दिवस मुलाला गूळपाणी चालले होते. चीक सांडला. आम्ही पाहिले, आणि बायकांच्या कारभारात पुरुषाने कशाला बोलावे म्हणून गप्प राहिलो. पंधरा दिवसांत त्याला जुलाब लागले, चार दिवस दवाखान्यात काढले. तेवढ्यामुळेच लागले असे आम्ही म्हणणार नाही. पण वासराचे कळले आणि लेकराचे कळले नाही, याची बोच अजून आहे.

माणसाच्या बाळाला रक्तातली प्रतिपिंडे वारेतून मिळतात हे खरे, म्हणून वासरासारखे ते अगदी उघडे नसते. पण आईच्या चिकातील प्रतिपिंडे वेगळ्या जातीची असतात. ती रक्तात जात नाहीत, बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून सारवल्यासारखी बसतात, आणि जंतूला भिंतीला चिकटू देत नाहीत. शिवाय त्या चिकाच्या एकेका थेंबात हजारो जिवंत पांढऱ्या पेशी असतात. ज्या घरात बाळ वाढणार त्याच घरातल्या जंतूंची आईला ओळख असते, म्हणून तिचे औषध नेमके. कुठल्याही डब्यात हे भरता येत नाही. पहिल्या दिवशी येते ते चमचाभर, पण त्या वेळी बाळाचे पोटही तेवढेच असते. "दूध उतरलं नाही" म्हणतात ते तेच असते. उतरलेले असते, आपल्याला दिसत नाही.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे शंभरात बेचाळीसच्या आसपास भरली. निम्म्यांहून अधिक बाळांचा पहिला तास हुकतो. शस्त्रक्रिया, आजारपण, अपुरे दिवस अशी कारणे असतात, तिथे डॉक्टर सांगतील तसे करावे. पण साखरपाण्याने हुकलेला तास हा आपल्याच हातचा आहे.

आम्ही साखर कारखान्याचे नोकर. साखर विकली गेली तर आमचा पगार. तरी लिहितो की, नव्या बाळाच्या तोंडात आपल्या कारखान्याची साखरसुद्धा घालू नका. गूळ नको, मध तर नकोच. मधात कधी असे जंतुबीज असते की वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिवावर बेतते. पहिले सहा महिने आईचे दूध, आणि आईला पोटभर भाकरी. भुकटीचे पैसे तिच्या ताटात घाला.

फुलपाड्यात दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाला आला. आम्ही दार उघडले. सहज विचारले, "काल चीक दिलात, त्या रेडकाला पाजला होता ना?" तो भांड्यात दूध ओतता ओतता म्हणाला, "साहेब, रेडा झाला होता." एवढेच बोलला आणि जिना उतरून गेला. आम्हाला पुढे विचारायचे धैर्य झाले नाही. त्या दिवशी खरवसाची वडी आमच्या घशाखाली उतरली नाही.

भाचीला मात्र आम्ही सांगितले, "बाई, झालं ते झालं. अजूनही घट्टसर येतंय ते टाकू नकोस." आत्याबाई समोर होत्या. आम्ही नम्रपणेच म्हटले, "आक्का, वासराला आपण पाजतो की नाही? मग हे काय वासराहून परकं?" त्या काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी साखरपाण्याची वाटी दिसली नाही.

सभासद बंधूंनो, वसुबारसेला आपण गाय वासरासकट पुजली. त्या दिवशी अनेक घरांत गाईचे दूधही खात नाहीत, ते वासराचे म्हणून. मग ती व्याल्यावर पहिले बारा तास तिचा चीक वासराचा, एवढे व्रत जास्तीचे पाळू या. कालवड असो की गोऱ्हा, रेडी असो की रेडा.

आणि आणखी एक. टोळ्या आता यायला लागल्या आहेत. फडात कोयता घेऊन येणाऱ्या बायांपैकी एखादी पोटुशी असेल, कोणी कोपीवर बाळंत होईल. तुमच्या फडात असे झाले, तर मुकादमाला सांगा की तिला चार दिवस कोयता धरायला लावू नको, आम्ही सांभाळून घेतो. आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना निरोप द्या. घरातल्या मालकिणीने जाऊन तिला दोन भाकरी द्याव्या आणि बाळ अंगावर घ्यायला सांगावे. आपला ऊस दोन दिवस उशिरा तुटला तर खोडव्याचे फार बिघडत नाही. त्या लेकराचे पहिले तास मात्र परत येत नाहीत.

हंगामाच्या शुभेच्छा. गोठ्याबद्दल काही विचारायचे असेल तर पशुवैद्यांना विचारा, उसाबद्दल असेल तर गट कार्यालयात आम्ही आहोतच.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते